आई बटणं बंद करते तेव्हा

बाबा गेल्यावर आईला नंदाखाल गावातल्या वाडीवरच्या घरातून फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, ते तिच्या एका अटीवर. "दिवाळीपर्यंत राहून बघते. नाय जमला तर वाडीवर परत." वाडीचं बघायला गडी येतो, पण दिवसापुरताच. तिकडे एकटीनं राहायचं म्हणजे रात्री चक्कर आली तर पाणी द्यायला कोणी नाही, त्यात तिचा बीपी. म्हणून काहीही करून तिला इथं रमवायचंच, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं.

आणि पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. मी घरून काम करतो. ऐन मीटिंगमध्ये वाय-फाय गेलं. बाहेर येऊन बघतो तर पंखा बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद, आणि आई घामानं निथळत, पदरानं वारा घेत बसलेली.

"लाईट गेली?"

"नाय. मीच बंद केली. थांब जरा."

पंधरा-वीस मिनिटांनी तिनं उठून सगळं पुन्हा सुरू केलं आणि भाजी निवडायला घेतली.

आता, वीज वाचवण्यात मीही काही कमी नाही हो. घरात एकूण एक दिवा एलईडी, एसीला पाच तारे, लेकीला 'पृथ्वी वाचवा'वर भाषणही मीच लिहून दिलेलं. त्या एसीखाली आम्ही गोधड्या घेऊन झोपतो, ही गोष्ट वेगळी! तेव्हा आईची काटकसर मला तरी समजायला हवी होती. पण काटकसर म्हणावी, तर हीच बाई तिन्हीसांजेला बाथरूमपासून गॅलरीपर्यंत प्रत्येक दिवा लावायची. मी एखादा विझवला की "काळोख नको रे घरात" म्हणून परत लावायची. हिला चिक्कू म्हणायचं की उधळी? बरं, बंद करण्याला काही वेळकाळ? कधी सकाळीच दोनदा, कधी दुपारी एकदा. बायको म्हणाली, "वय झालंय त्यांचं." मला ते पटेना, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

तिसऱ्यांदा मीटिंग तुटली, तीही साहेब बोलत असताना, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडलोच. "आई, तुला झालंय तरी काय? पुन्हा हात लावू नकोस बटणांना!"

ती दचकली. मग खाली बोट दाखवून म्हणाली, "अरे, मोटर चालू झाली ना. आपण पंखे फिरवत बसलो तर वरच्या लोकांना पानी कसा चढणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाडीवर विजेला जोर नसायचा. विहिरीवरची मोटर लावायच्या आधी बाबा हाळी घालायचे आणि आई घरातलं सगळं बंद करायची, नाहीतर मोटर पाणी ओढत नसे, केळी तहानलेल्या राहायच्या. सगळा संसार तिनं असाच केला. आणि इथं बिल्डिंगचा पंप गुरगुरला की ती सातव्या मजल्यावरच्या, तोंडही न पाहिलेल्या माणसांसाठी उकाड्यात बसत होती.

मला हसू आलं, भरूनही आलं. जवळ बसून मी तिला समजावलं. बिल्डिंगच्या पंपाची लाईन वेगळी असते, आपला पंखा फिरो न फिरो, पाणी चढतंच. "तू बिनधास्त वारा खा."

ती पंपाचा आवाज ऐकत राहिली. "म्हंजे मी बंद करत होते, त्याचा कोणाला उपेग नव्हता?"

"काडीचा नाही!" मी अगदी खुशीत म्हणालो.

त्यानंतर तिनं एकाही बटणाला हात लावला नाही. संध्याकाळचे दिवेसुद्धा बायकोच लावू लागली. मला वाटलं, चला, रुळली. दिवाळीला दोन महिने होते, पण त्या रविवारी तिनं पिशवी भरली.

"आई, माझं काही चुकलं का?"

"तुझा काय चुकला रे? गडी तिकडे एकटाच मोटर लावतो. घरात बटणं बंद करायला कोणीतरी लागतं."

घर तर कुलूप लावून ठेवलेलं होतं. त्यात बंद करायला काही चालूच नव्हतं. पण ते मी तिला सांगितलं नाही. पिशवी उचलली आणि रिक्षा आणायला खाली गेलो.