गाठ न सुटलेला गठ्ठा

आधी माफी मागते. मी लेखिका नाही. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत अर्ज आणि प्रश्नपत्रिका यांपलीकडे काही न लिहिलेल्या बाईने स्वतःविषयी लिहायला बसावे, हा आगाऊपणाच. इतरांची वाक्ये दुरुस्त करणे हे माझे काम आहे. स्वतःचे वाक्य उभे करायचे म्हटले की हात आखडतो. तरीही लिहिते आहे. कारण जे घडले त्यात माझाही हात होता, आणि तो दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी मीच दाखवलेला बरा.

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. आमच्याकडे मुलांचे पातळीनुसार तीन गट पाडतात. दरवर्षी सुरुवातीला चाचणी घ्यायची आणि तिच्या गुणांवरून गट ठरवायचे, असा नियम आहे. कागदोपत्री त्यांना लेव्हल वन, टू, थ्री म्हणतात. मुले म्हणतात, खालचे, मधले, वरचे. खालचे माझ्याकडे असतात. आमचा वर्ग जुन्या प्रयोगशाळेत भरतो. तिथल्या लांब टेबलांना अजून नळ आहेत. पाणी येत नाही.

त्या दिवशी बाहेरून पाहुणे आले होते, महाविद्यालयाची तपासणी करायला. मी मुलांकडून बसचा पास हरवल्याचा अर्ज इंग्रजीत लिहून घेत होते. दुसऱ्या रांगेतून मंजुळा उठली. ही इस्लापूरकडची, दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिची आई सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी पर्यटकांना भाजलेली कणसे विकते.

"म्याडम, न्हाई उमगलं. एकडाव आपल्या भाषेत सांगा की."

मी सांगितले. मराठीत. नेमके तेव्हाच दार उघडले.

पाहुण्यांना घेऊन विभागप्रमुख आत आले. सर संस्थाचालकांचे जावई. शिक्षण थंड हवेच्या ठिकाणच्या निवासी शाळेत झालेले. ते फळ्यापाशी येऊन थांबले.

"मॅडम, इंग्रजीच्या तासाला मराठी?"

मी सांगायला लागले, त्यांनी हात वर करून थांबवले.

"तुम्ही खाली बसा. मुलांमध्ये. कसं शिकवायचं ते मी दाखवतो." मग पाहुण्यांकडे वळून, हसत, "काय आहे सर, आमच्याकडे शिक्षकही लेव्हलप्रमाणेच मिळतात."

पाहुणे हसले. एक जण हसला नाही. तो घड्याळ बघत होता.

मी खडू ठेवला आणि जाऊन बसले. मंजुळा सरकली. मला जागा देण्याआधी तिने ओढणीने बाक पुसला. ते पुसणे मला अजून दिसते.

सर दहा मिनिटे बोलले. सुंदर बोलले, ते नाकारण्यात अर्थ नाही. एकाही मुलाने वहीत एकही शब्द लिहिला नाही. निघताना त्यांनी बोट माझ्याकडे केले. मुलांकडे नाही, माझ्याकडे.

"समजलं का, लेव्हल वन?"

मी उभी राहिले. म्हणाले, "येस, सर."

दार बंद झाले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "म्याडम, आता तुमी बी आमच्यातल्याच." वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला फार जुनी सवय आहे.

ती सवय लातूरची. मी मूळची देगलूरची. अब्बांचे बाजारात शिवणकामाचे दुकान. घरात दखनी, शाळेत मराठी, दुकानातल्या अर्ध्या गिऱ्हाइकांशी तेलुगू. बारावीनंतर मामूंकडे लातूरला राहून शिकायला मिळाले, हेच आमच्या घरात नवल होते. पहिल्याच तासाला इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आम्हा सगळ्यांना भिंतीशी उभे केले. प्रत्येकाने स्वतःची ओळख इंग्रजीत सांगायची. सांगेल तो पुढच्या बाकावर, अडखळेल तो मागे. माझी पाळी आली आणि तोंडातून आवाज निघेना.

"घरी कोणती भाषा बोलता?" त्यांनी मराठीत विचारले.

मी खरे ते सांगितले. तीन भाषा.

"तीन. म्हणजे धड एकही नाही."

वर्ग हसला. मी हसले. मागे जाऊन बसले आणि तीन वर्षे मागेच बसून राहिले. मला तीन भाषा येत होत्या. चौथी येत नव्हती, एवढेच. पण हे एवढे साधे वाक्य मला तेव्हा सुचले नाही. कोणत्याच भाषेत सुचले नाही.

पुढे लग्न, नांदेड, दोन मुली. मुली शाळेत जाऊ लागल्यावर मी पुन्हा पुस्तके उघडली. एम.ए. केले, पात्रता परीक्षा दिली, आणि अडतिसाव्या वर्षी शिक्षिका म्हणून वर्गात पाऊल टाकले. मनाशी एकच ठरवले होते. माझ्या वर्गात कुणाला भिंतीशी उभे करायचे नाही. लेखी चाचणी, तपासलेले गुण, गुणांवरून गट. ही पद्धत मला न्यायाची वाटत होती. तीन वर्षे मी तिच्यावर विश्वास ठेवला.

नवे वर्ष सुरू झाले. मंजुळाचे हे शेवटचे वर्ष. शेवटच्या वर्षी नोकरीच्या मुलाखती घ्यायला कंपन्या महाविद्यालयात येतात. त्यांच्याकडे नावे जातात ती मधल्या आणि वरच्या गटातलीच. खालच्या गटाला कुणी विचारत नाही. मंजुळाने सुट्टीभर अभ्यास केला होता. कणसे भाजता भाजता ती इंग्रजी वर्तमानपत्राचे कागद वाचत होती, असे तिने सांगितले. गिऱ्हाइकाला कणीस द्यायच्या आधी ती तो कागद वाचून घ्यायची.

चाचणीच्या दिवशी ती दारात थांबली.

"म्याडम, औंदा वर न्हाई गेले तर मी येनार न्हाई. तिसऱ्यांदा त्या कोरड्या नळापुढं बसनं मला व्हत न्हाई."

"पेपर नीट लिही. पुढचं मी बघते," मी म्हणाले.

असे वचन देण्याचा मला काय अधिकार होता? पण दिले.

प्रश्न सोपा होता. तुमच्या ओळखीच्या एखाद्या जागेविषयी लिहा. मंजुळाने जास्तीचा कागद मागितला. माझ्या वर्गात जास्तीचा कागद पहिल्यांदाच मागितला गेला होता. मी पेपर गोळा केले, सुतळीने आडवी-उभी गाठ मारली, गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावले. आणि आजारी पडले. तीन दिवस ताप.

चौथ्या दिवशी गेले तर माझ्या सहीची वाट न बघता फलकावर यादी लागलेली. गटवार. मंजुळाचे नाव लेव्हल वनमध्ये.

मी कपाट उघडले. गठ्ठा तसाच होता. गाठ माझीच.

कपाटाला पुन्हा कुलूप लावले. मग कार्यालयात गेले. तिथले जुने लिपिक, सगळे त्यांना काका म्हणतात.

"काका, पेपर तर माझ्याच कपाटात आहेत. मग यादी कशावरून लावली?"

"फारमावरून की, बाई. दरसालची रीत हाय. मागली शाळा कोन्ती, तेवढा रकाना बघायचा. झेडपीची असली की एक. इंग्लिश मीडियम असली की तीन. मधले मंग मधी."

"आणि पेपर?"

"पेपर लागत्यात ना फायलीला. तपासनीवाले मागतात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्या बघण्यात दया होती. "पर तुमी आज काऊन इचारून राहिल्या? मागल्या तीन सालाच्या याद्यांवर सही तर तुमचीच हाय."

माझीच होती. दरवर्षी मी गुण नेऊन द्यायची; आठवड्याने यादी सहीसाठी यायची; मी सही करायची. एकदाही गुणांशी ताडून पाहिली नाही. सरांनी छापून आणलेला कागद चुकीचा कसा असेल, असे वाटायचे. लातूरच्या त्या प्राध्यापकांनी निदान मला उभे करून, माझ्या तोंडाकडे बघून मागे पाठवले होते. मी या मुलांना न बघताच पाठवत आले. तीन वर्षे. त्यांतली कितीतरी मुले आता निघून गेली आहेत, आपल्याला भाषा येत नाही असे समजून.

वर्गात परत येऊन, त्याच नळाच्या टेबलाशी बसून, मी गाठ सोडली. मंजुळाचा पेपर काढला. चुका होत्या, क्रियापदे घसरत होती. पण तिने धबधब्याची शोभा लिहिली नव्हती. तिने लिहिले होते की पाणी किती खोल आहे, असे पर्यटक आईला रोज विचारतात, आणि आई सांगते, ज्यांना कळलं ते सांगायला परत आले नाहीत. तिची शेवटची ओळ होती: हे आईचे बोलणे पर्यटकांना इंग्रजीत कसे सांगावे, याचा मी दोन वर्षे विचार करत होते, आज सांगितले.

मी गुण दिले. ते वरच्या गटाचे होते.

तिला फोन लावला. बंद. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीने सांगितले, "ती गेली, म्याडम. परवा बोर्ड बघितला, सामान भरलं अन् गाडीत बसली. बोल्ली काईच न्हाई."

पेपर घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"मॅडम, सिस्टीम आहे ती. झेडपीची मुलं वर टाकली तर वरचा गट खाली येतो. त्यांच्या पालकांना मी काय सांगू?" मग अगदी मृदू आवाजात, "तुमची या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर अजून निघायची आहे ना? यादीवर सही करून द्या उद्या."

त्यांनी यादी पुढे सरकवली, ती मी घेतली. मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाही ठाऊक नव्हते.  पेपर छातीशी धरून मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. पलीकडे शिलाई मशीन चालू होती. मी सगळे सांगितले.

"नापां लिये बगैर कपडा काट डाले उनो?"

"हौ, अब्बा."

"और तू क्या करी?"

"मैं सही करी. तीन साल."

मशीन थांबली. मला वाटले, ते समजूत घालतील. त्यांनी घातली नाही.

"अब नक्को कर," ते म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी यादी परत नेली. सरांनी समोरची खुर्ची दाखवली. "बसा, मॅडम."

मी बसले नाही. माझा आवाज कापत होता, आणि तो कापतच राहिला. मी म्हणाले, यावर मी सही करणार नाही. हे आधी इंग्रजीत म्हणाले, मग मराठीत. दोन्ही भाषांत वाक्य पूर्ण झाले.

"तासिकेसाठी लोक रांगेत उभे आहेत," सर म्हणाले.

"असतील, सर."

त्या दिवशी मी सगळा गठ्ठा तपासला. गुणांवरून नवी यादी केली, हाताने लिहिली, खाली सही केली आणि त्यांच्या यादीशेजारी लावली. दुपारपर्यंत ती कुणीतरी फाडली. मी दुसरी लावली. तीही गेली. आता मी रोज घरून एक लिहून नेते. माझी ऑर्डर अजून निघालेली नाही. बहुधा निघणार नाही. घरात सांगितले आहे. रविवारी मंजुळाचा पेपर घेऊन इस्लापूरला जाणार आहे. ती परत येईल असे मला वाटत नाही. आलीच, तर तिला बसवायला माझ्याकडे वर्ग असेल की नाही, हेही माहीत नाही. पण तिचे गुण तिच्या हातात देईन, आणि तीन वर्षे त्या कागदांवर सही कुणाची होती, तेही तिच्या आईसमोर सांगेन. आणि लेव्हल वनची न तपासलेली यादी पुन्हा माझ्या सहीने लागणार नाही. नोकरी राहिली तरी नाही, गेली तरी नाही.

सही करणारी मी एकटीच नसेन. म्हणून, वाचणाऱ्या तुम्हाला एकच विचारते. तुम्ही आजवर ज्या याद्यांवर सही केलीत, त्यांच्या मागचा गठ्ठा एकदा तरी सोडून पाहिला होता का?