तांबरमला नेलेली डिस्क

घरच्या संगणकावर डिस्क बर्न करताना शेवटी एक लहानसा चौकोन समोर येतो: लिहून झाल्यावर पडताळणी करायची का? तिथे खूण ठेवली, तर लिहिलेले सगळे पुन्हा वाचले जाते आणि मूळ फाइलींशी ताडून पाहिले जाते. याला जवळजवळ लिहिण्याइतकाच वेळ लागतो. तमिळ मुलखातल्या सिरुसेरीच्या कंपनीत माझे काम याच जातीचे आहे. साठवलेली माहिती जशीच्या तशी परत मिळते की नाही, हे मी तपासते. गेल्या नवरात्रात, शोळिंगनल्लूरच्या घरी, मी ती खूण काढून टाकली.

घर काकूंचे, मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. काकू तंजावरकडच्या मराठी. त्यांचे वडील कीर्तन करीत, आणि त्यांच्या आवाजाच्या काही कॅसेट काकूंनी जपून ठेवल्या होत्या. त्या मी सवडीने काकूंच्या जुन्या संगणकावर उतरवून घेतल्या. हे सारे तांबरमला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होते. अक्कांची दृष्टी गेली आहे. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर त्यांचे बोट वाट चुकते. डिस्क प्लेअरची बटणे मात्र त्यांना हातानेच ओळखू येतात. वडिलांचा आवाज ऐकून त्यांना कित्येक वर्षे झाली होती.

काकूंची अट एकच होती: डिस्क सरस्वतीपूजेच्या आधी तयार हवी. इकडे त्या दिवशी पुस्तके, अवजारे, वाहने, संगणक अशा सगळ्यांना गंध-कुंकू लागते, आणि पूजेत ठेवलेली वस्तू विजयादशमीपर्यंत कोणी वापरत नाही. पूजेच्या आदल्या संध्याकाळी माझी ऑफिसची बैठक सुरू व्हायची होती. मी सर्वांत जास्त वेग निवडला, पडताळणी गाळली आणि डिस्क काकूंच्या हातात ठेवली.

“पाहिलीस गे नीट?”

“हो काकू, तपासली.”

काकूंनी ती डिस्कही पूजेत ठेवली. विजयादशमीला आम्ही दोघी तांबरमला गेलो. अक्का आधीच प्लेअरवर हात ठेवून बसल्या होत्या. झांजा वाजल्या, एका पुरुषाने खणखणीत आवाजात नमनाची सुरुवात केली, अक्कांनी मान किंचित पुढे केली, आणि आवाज अडखळला. तोच तुकडा तीनचारदा उमटला. मग काहीच नाही.

मी डिस्क बाहेर काढली. चकाकत्या बाजूला, अगदी कडेशी, कुंकवाचा बारीक डाग होता. कारण हाती लागल्याचा मला चक्क आनंद झाला.

“काकू, हिला कुंकू लावायचं नव्हतं. या बाजूवरून लेझर वाचतो. पूजा ठीक आहे, पण थोडा विचार नको का?”

काकू डागाकडे वाकून पाहू लागल्या. उत्तर अक्कांनी दिले.

“हिज लहानपणापासून हीच खोड! दिसेल त्यास कुंकू फासायचं. अप्पांच्या झांजाही अशाच चिकट करून ठेवायची. आता त्यांचा आवाजही घालवलास.”

“चुकलं, अक्का,” काकू म्हणाल्या.

मी ओल्या फडक्याने डाग पुसला, डिस्क कोरडी केली आणि पुन्हा लावली. ती त्याच जागी अडली. तेव्हाच मला कळायला हवे होते. खरे तर तेव्हाच कळले. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवातीचा भाग मध्याजवळ असतो आणि कुंकू होते कडेला. ज्या खोलीत ते विधान मी केले होते, त्याच खोलीत उभी राहून मी त्याचे खंडन करू शकत होते. मी म्हणाले, “नवी करून आणते.”

दुसऱ्या दिवशी मी संगणकाशी बसले, तेव्हा काकू उंबऱ्याबाहेरच थांबल्या. हात धुऊन आल्या होत्या. पदराला पुसत होत्या.

“आत येऊ की नको? कुंकू-बिंकू लागेल त्यास.”

हे वाक्य ऐकून मला जे वाटले, त्याला अपराधीपणा म्हणणे सौम्य होईल. स्वतःच्या घरात, स्वतःच्या वडिलांच्या आवाजापासून त्या बाई चार हात दूर उभ्या होत्या, आणि ते अंतर मी माझ्या शिक्षणाच्या जोरावर आखले होते. मी त्यांना खुर्ची दिली. या वेळी कमी वेग निवडला आणि खूण ठेवली. लिहिणे संपले, तरी पडद्यावरची पट्टी पुन्हा पहिल्यापासून भरू लागली.

“झालं ना? आता काय करते?”

“लिहिलेलं परत वाचून बघते. बरोबर उमटलं का ते.”

“त्या दिवशीही केलंस ना हे?”

“नाही केलं. तुम्हाला खोटं सांगितलं. कुंकवानं काही झालं नव्हतं, काकू. डिस्क मीच वाईट लिहिली होती.”

काकू खुर्चीत माझ्याकडे वळल्या.

“तेथे कळलं होतं तुज?”

“हो.”

“मग मज काय सांगतेस? अक्कासमोर बोललीस, अक्कासमोर सांग.”

त्या रागावल्या असत्या, तर मला सोपे गेले असते. काकूंबरोबर तांबरमला जाताना मी मनात वाक्ये रचत गेले. त्यांत वेग, डिस्क लिहिणारा जुना रायटर, स्वस्त डिस्क असे सगळे होते आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. अक्कांसमोर उभी राहिल्यावर त्यांतले एकही वापरण्याची हिंमत झाली नाही.

“अक्का, दोष माझा होता. न तपासता तपासली म्हटलं, आणि तुमच्यासमोर काकूंवर ढकललं.”

“सरि, बरं,” अक्का म्हणाल्या. “पण तुझ्या बोलण्यावर मी हिज बोलले. फोन करूनही बोलले. ते कोण परत घेईल? तू?”

काकूंनी डिस्क माझ्या हातून घेतली, अक्कांच्या हाती दिली आणि बहिणीला खेटून बसल्या. अक्कांनी बोटांनी चाचपून ती आत ठेवली व बटण दाबले. झांजा, नमन, मग ती अडणारी जागा आली आणि गेली. अक्कांचा तळवा काकूंच्या मांडीवर ठेका धरू लागला.

बैस, असे मला कोणी म्हणाले नाही. मी दाराशी उभी राहिले. तंजावरच्या त्या मराठीतले बरेचसे मला समजत नव्हते. पहिला अभंग संपल्यावर कीर्तनकार काहीतरी म्हणाले आणि दोघी बहिणी एकदमच हसल्या.