आखाड्यावरची मामी

मामीला हळू बोलता येत नसे. शेजारी बसलेल्या माणसाशीही ती बांधापलीकडच्याला हाक मारावी तशी बोलायची. परभणीला आमच्या घरी आली की शेजारच्या बायका भांडण लागलं समजून खिडकीत यायच्या, आणि आत मामी मला फक्त विचारत असायची, "चहात साखर टाकू का गं माय?" आई चिडायची. पण मामी तरी काय करणार? तिचं बोलणं बहुतेक बैलांशी, नाहीतर लांबच्या रस्त्यानं जाणाऱ्यांशी व्हायचं.

आमच्याकडे आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतातला गोठा, कडब्याची गंज आणि लागून एक-दोन खोल्या, याला आमचा मुलूख आखाडा म्हणतो. मामाचा आखाडा जिंतूरच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी, गावापासून चांगला लांब. लग्नानंतर लवकरच घरात भांड्याला भांडं लागू लागलं. गावातलं घर थोरल्या जावेकडे राहिलं आणि या दोघांना सासऱ्यानं सांगितलं, "सोय होईस्तोवर आखाड्यावर राहा." सोय काही झाली नाही. मामा तिथंच वारला, त्यांचा मुलगा मनोहर तिथंच मोठा झाला.

आम्ही गेलो की मामी आधी पाणी द्यायची आणि लगेच गावातली खबर विचारायची. कुणाची सून नांदेना, कुणाच्या दारात भांडण झालं, सगळं. आम्हाला काहीच ठाऊक नसायचं, तरी ती विचारायची. "भांडन तरी कानावर पडावं माय," ती म्हणायची, "इथं निस्ती पाखरं वरडायलेत. पाखरांत राहून मी बेजार झाले."

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, गावात घर. गावात त्यांची एक मोकळी जागा होती. तिथं कसं घर बांधायचं हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. खोली एक असली तरी चालेल, पण दार रस्त्याकडंच हवं. पाण्याला जाणाऱ्या बाया दारातून दिसल्या पाहिजेत. मनोहर म्हणायचा, औंदा नाही, पुढल्या साली नक्की. आणि तो कमवायला लागल्यावर ती खरंच वाट बघू लागली.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. मनोहरनं ते मनावर घेतलं. पुण्यात काही वर्षं नोकरी करून तो परतला तो फोनमध्ये परदेशातल्या लाकडी घरांची चित्रं घेऊनच. आखाड्यावरचा गोठा पाडला. सुट्टीला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायची, गोल ओंडक्यांची उतरत्या छपराची घरं टेकडीकडे तोंड करून उभी राहिली. बर्फात शोभावी अशी चिमणीसुद्धा एकेका घराला होती, आणि आमच्या वैशाखात आत बसायचं तर एसी लागायचा. एका घरातून दुसरं दिसू नये अशी मांडणी केली होती. मामी सगळीकडे फिरून आली आणि म्हणाली, "ही घरं भांडून बसलीत का रे? कुनाचं तोंड कुनाला दिसंना."

फाटकावर मनोहरनं पाटी लावली, 'आखाडा'. पहिले पाहुणे पुण्याचे. त्यांनी हौसेनं विचारलं, "आजी, कुस्त्या कुठं होतात?" मामी म्हणाली, "मीच केली की जिंदगीभर. कुनाशी केली ते काय कळलं न्हाई." ते खूप हसले. मामीही हसली, कारण इतक्या वर्षांनी तिच्या दारात माणसं आली होती. ती त्यांच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. कुठलं गाव, लेकरं किती, आईला का नाही आणलं, असं चालायचं.

मग कुणीतरी तक्रार केली. मनोहरनं माझ्यासमोरच तिला सांगितलं, "आई, लोक इथं बोलायला येत न्हाईत."

"मग कशाला येतेत?"

"शांततेला."

"ती का येवढी चांगली असती, व्हय रे?" मामी म्हणाली. मनोहरनं विषय बदलला.

गावातल्या जागेवर उरलेले ओंडके पडले. घर पुन्हा पुढल्या सालावर गेलं. आता तर मामीला हलवणंच नको होतं, कारण चुलीवरची भाकरी थापणारी आजी पाहुण्यांना फोटोत हवी असायची. भाकरी थापायची, फोटोला बघायचं आणि आवाज खाली ठेवायचा, एवढंच तिचं काम उरलं. मला याची चीड यायची. मी मनोहरला बोललेसुद्धा. तो म्हणाला, "ताई, तिला काय कमी हाय इथं?"

ती गेली एका शनिवारी सकाळी, झोपेतच. सगळी घरं भरलेली होती. मनोहरचा फोन आला. "ताई, आखाड्यावर येऊ नको. गावात ये, थोरल्या घरी. इथं पाव्हणे हायेत. बाया रडायला लागल्या म्हंजे बरं दिसंना."

पाहुण्यांचं सामान आणायच्या पिकअपमधून त्यानं तिला गावात नेलं. ज्या घरातून तिला काढलं होतं त्याच घराच्या ओसरीवर तिला ठेवलं होतं. सगळं गाव लोटलं होतं. मनोहर माझ्याजवळ आला. डोळे लाल होते, आणि ते खोटे नव्हते.

"आईची लय इच्छा होती गावात यायची," तो म्हणाला. "शेवटी आनलीच बघ मी."

त्याला ते खरंच वाटत होतं. मी आत बायकांमध्ये जाऊन बसले आणि जितक्या मोठ्यानं रडता आलं तितक्या मोठ्यानं रडले.