सातव्या उताराचा गोटा

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच बाजारात रबरी चपला घेत होतो. त्यांच्या जुन्या चपला नदीनं नेल्या होत्या. थोरली बहीण, जिला आम्ही बाई म्हणतो, एवढंच बोलली, "झोपेतच गेले रे, बंडू..." चपला तशाच हातात घेऊन मी आमगावला पोचलो.

आमगावात भाऊजींचं किराणा दुकान. तीस वर्षं त्यांनी दुकान आणि घर याखेरीज काही पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी संधी साधली. दरेकसाच्या डोंगरातून एक छोटी नदी येते, तिच्या काठानं सोपी पायवाट आहे. ही वाट सात वेळा पाण्यातून जाते, एवढं मात्र मी सफाईनं गाळलं. "इथंच तं आहे, भाऊजी!" पहिल्या उताराला, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, पाणी जेमतेम घोट्याएवढं, पण जन्मभर पाण्याला भ्यालेला माणूस! "सालेसाहेब, मारून राहिला का मले?" मग त्यांनी दुकानदारी काढली. पोती उतरवताना ते पोत्यामागे एक चिंचोका बाजूला ठेवत. इथं उतारामागे एक गोटा खिशात टाकू लागले. येताना प्रत्येक उताराला एक गोटा परत पाण्यात. "खिसा खाली झाला म्हणजे घर आलं. तुह्या 'इथंच'वर माहा भरोसा नाही."

सातव्या उतारापलीकडे डोह आहे. दोन्हीकडे उभा कातळ, वर वाकलेली अर्जुनाची पांढरी झाडं, आणि पाणी इतकं नितळ की मासोळी वेगळी दिसते, तळाच्या वाळूवरची तिची सावली वेगळी. भाऊजींनी टोपी काढली. काठच्या एका दगडावर पाय पाण्यात सोडून बसले. गिऱ्हाईक नसलं तर वजनकाट्याशी बोलणारा हा माणूस पाऊण तास गप्प! मी नकला केल्या, शिट्ट्या मारल्या... काही नाही. शेवटी म्हणाले, "हे सारं इथं होतं... आन् मी काय करून राहिलो होतो?"

मग दर महिन्याला डोह. बाईनंही तो पाहावा, हा त्यांचा एकच ध्यास; घरी तिला उतार न् उतार, दगड न् दगड सांगत. बाई म्हणे, "दुकान कोण पाहील?" शेवटच्या वेळी परतताना त्यांनी सहा गोटे टाकले, सातवा मुठीतच ठेवला. "हा तुही बहीण टाकील."

"ते स्वप्न सोडा, भाऊजी."

"येते. पाहतच राहा."

तेरवी आटोपून काही आठवडे झाले. गल्ल्याजवळ पुडीच्या कागदांवर वजन म्हणून ठेवलेला तो गोटा बाईनं उचलला. "मले ने."

पहिल्या उताराला मी जुनी युक्ती केली, "इथंच तं आहे, बाई."

"चूप. सात आहेत."

डोहाशी ती भाऊजींच्याच दगडावर पाय सोडून बसली. मी दाखवलाही नव्हता. मासोळ्या तिच्या पायांशी जमल्या. या वेळी नकला करायचं मला सुचलं नाही. ती म्हणाली, "एवढं खरं होतं?... मले वाटे, थापा मारून राहिले."

परतताना शेवटच्या उताराला मी म्हटलं, "टाक आता." तिनं पदराची गाठ सोडून गोटा तळहातावर फिरवला आणि पुन्हा पदरात बांधला. "टाकला तं खिसा खाली झाला ना... पुढच्या महिन्यात पाहू."

तो पुढचा महिना येऊन गेला, त्याच्या पुढचाही. गोटा गल्ल्याजवळ आहे. शेजारी त्या रबरी चपला. बाईला दोन बोटं मोठ्या होतात, पाण्यात सटकतात. दर महिन्याला नदीवर जाताना ती त्याच घालते.