वरसून पाणी घातलंस काय?

डिचोलीजवळच्या सर्वण गावातल्या आमच्या घरी अर्धी कळशी कधी उंबऱ्याच्या आत आली नाही. विहिरीवरून येताना हिंदकळून जरा कमी झाली, तरी आई परत पाठवायची. हे वळण माझ्यात इतकं मुरलंय की पाहुण्याचा चहासुद्धा मी बशीत सांडेपर्यंत ओतते. या वळणापायी मी एका चांगल्या माणसाला त्याचं काम सोडायला लावलं.

ते डिचोलीतले आमचे मिस्त्री. मूळचे सावंतवाडीकडचे. आधी खाणीच्या ट्रकांवर काम केलं, मग स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. वडिलांच्या स्कूटरपासून आमची सगळी वाहनं त्यांच्याच हातची. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या गाडीचा रेडिएटर साफ केला, पाइप बदलले, इंजिन थंड ठेवणारं नवं हिरवं कूलंट भरलं. घरी येऊन बघते तर कूलंटची टाकी अर्धीच! म्हातारे विसरले असणार, असं म्हणत मी दुकानातून कूलंटची बाटली आणली आणि टाकी काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर गाडीखाली हिरवं थारोळं.

मिस्त्री लगेच आले. अंगणात पाठीवर झोपून त्यांनी बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा बोटाने चाचपला. सगळे कोरडे. टाकी बघितली, तर जास्तीचं सांडून ती पुन्हा अर्ध्यावर आलेली. त्यांना काही उमगेना.

"बाय, वरसून पाणी घातलंस काय?"

मी मराठीची मास्तरीण. पाणी म्हणजे पाणी आणि कूलंट म्हणजे कूलंट. "पाणी? थेंबभरसुद्धा नाही!" मी ठसक्यात म्हणाले. गॅरेजात दोन्हींना पाणीच म्हणतात, हे मला कुठे ठाऊक होतं?

त्यांनी पाइपांच्या क्लिपा बदलल्या आणि गेले. मी पुन्हा टाकी भरली, पुन्हा थारोळं झालं. तिसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं. "काका, हात थरथरतात तुमचे, नजरही राहिली नाही. आता सोडा हे काम." त्यांनी फडक्याने पाना पुसला, पिशवीत टाकला आणि चालू लागले.

पुढच्या आठवड्यात गाडी म्हापशाला नेली. तिथला मेकॅनिक बेळगावकडचा. इंजिन थंड झाल्यावर तो सांधे तपासत होता, तेवढ्यात मी सवयीने बाटली काढून टाकीत ओतायला लागले. त्याने माझा हात धरला.

"अहो मॅडम, काय करताय! तापलं की फुगतंय ते. वर जागा ठेवावी लागते, नाहीतर बाहेर सांडतंय. रोज भरताय काय असं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच डिचोलीला गेले. गॅरेजात जॅक नव्हता, पाने नव्हते. सगळं विकून टाकलं होतं. रिकाम्या फळीखाली मिस्त्री बाकावर बसले होते. मी सगळं सांगितलं, चुकले म्हणाले, कूलंट मीच भरत होते म्हणाले.

त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मी इचारललंय तुका," ते हळू म्हणाले. "मास्तरीण नाय म्हणता, मगे परत कशाक इचारू?"