शिंकांची गोळी

माझी आत्या मला कधीच आवडली नाही, आणि तिला मी. गादीच्या कारखान्यात ती सगळ्यांत जुनी, म्हणून मालकापेक्षा तिचाच आवाज मोठा. टाका वाकडा गेला की "हात आहेत की पळ्या?" जिभेला हाड नाही ते नाहीच. मला तिथे चिकटवलं तिनेच, आणि तेवढ्या उपकारावर जन्मभर घालून पाडून बोलायचा परवाना मिळवला.

कापूस पिंजला की तंतू उडतात आणि बायका शिंकायला लागतात. शिंकत शिंकत गादी टाचता येत नाही. त्यावर आत्याच्या कमरेच्या डबीत पिवळी गोळी असायची. डोळ्यांवर गुंगी यायची, पण शिंक थांबायची. स्वतः ती लग्नाआधीपासून घेत आली होती.

बाळंतपणानंतर मी कामावर परतले आणि माझीही गोळी सुरू झाली. खोली कारखान्याला लागूनच, त्यामुळे पोरीला पाजायला मधूनमधून जाता यायचं. थोड्याच दिवसांत पोर छातीशी रडायला लागली. ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, लालबुंद व्हायची. वजन वाढेना. माझा जीव टांगणीला लागला आणि आत्याला विषय मिळाला. अख्ख्या कारखान्यासमोर म्हणाली, "काही बायका जन्मतःच कोरड्या. पोर काढायची हौस, पाजायची ताकद नाही." बायका हसल्या. हातातला दाभण तिच्यातच खुपसावासा वाटला.

डॉक्टरीणबाईंकडे ती आलीच, नको म्हटलं तरी. औषध काय चालू आहे, हे त्यांनी मला विचारलं आणि उत्तर दिलं आत्यानं. "औषध कसलं? शिंकांची साधी गोळी."

"ती आधी बंद करा," बाई म्हणाल्या. शिंका येतात त्या अंगातल्या हिस्टामाइन नावाच्या रसायनामुळे, आणि गोळी तेच अडवते. पण तेच हिस्टामाइन मेंदूतही असतं. तिथे ते माणसाला जागं ठेवतं, आणि मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, तिथल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशींना ढोसतं. बाळ ओढायला लागलं की त्याच पेशी दूध सोडायचा हुकूम देतात. "गुंगी आणणारी गोळी मेंदूपर्यंत पोचते आणि तिथलंही हिस्टामाइन अडवते. मग हुकूम अर्धवट निघू शकतो. सगळ्यांचं असं होत नाही, पण तुमचं दूध आटलेलं नसेल, अडलेलं असेल. शिंकांसाठी मी दुसरी, गुंगी न आणणारी गोळी देते."

आत्यानं विचारलं, "माझ्या बाळंतपणातही हीच गोळी होती. तेव्हाही असंच?"

"शक्य आहे," बाई म्हणाल्या.

रस्त्यात आत्या थांबली. "माझा मुलगा शेजारणीनं पाजला. सासू मला मरेपर्यंत कोरडी म्हणत राहिली."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तो शब्द कसा लागतो ते तुला ठाऊक होतं. तरी मला म्हणालीस?"

"ठाऊक होता म्हणूनच तोंडात आला," ती म्हणाली. माफी मागितली नाही. मी दिलीही नसती.

हळूहळू दूध सुटलं. एका दुपारी ते पोरीच्या हनुवटीवरून ओघळत असताना आत्या दारात येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे पाठ केली. तिला शिंक आली, मग दुसरी, मग थांबेचनात. कमरेला डबी नव्हती. मुलगा कधीच मोठा होऊन निघून गेला, दूध पाजायचं वय सरलं, आणि ही आत्ता गोळी सोडून बसली होती.

मी तरी वळले नाही.