डेडलाइनच्या दिवशीचे दोन मैल

"त्यांना टायलर हवाय," ग्रेग म्हणाला. "एकटा टायलर. बदल्यात कॅचर द्यायला तयार आहेत. तुझी काही हरकत?"

डेडलाइनचा दिवस होता आणि जेवणाची वेळ. ग्रेग आमच्या बेसबॉल क्लबचा असिस्टंट जनरल मॅनेजर, म्हणजे माझा बॉस. मी डेटा क्वालिटी बघते. मैदानावरचे कॅमेरे प्रत्येक चेंडूबद्दल आकडे पाठवतात. ते आकडे खरे आहेत की नाहीत, हे तपासणं माझं काम. घर मिनेसोटात, ईडन प्रेरीला. क्लब दुसऱ्या राज्यात. एरवी काम घरून चालतं. जुलैचा शेवटचा आठवडा मात्र ऑफिसात काढावा लागतो. क्लबांची नावं इथे देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

"हरकत आहे," मी म्हटलं. "त्याचा वाढलेला वेग खरा नाही."

ग्रेगने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

हे प्रकरण समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल. जुलै संपता संपता ट्रेड डेडलाइन येते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्लब आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत दार जवळजवळ बंद. क्रिकेटच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. बहुतेक वेळा माणसाच्या बदल्यात माणूस जातो. ज्या क्लबला यंदा जिंकायची आशा असते, तो आजचा खेळाडू मागतो. ज्याची आशा संपलेली असते, तो उद्याचा मागतो. खेळाडूला सहसा कोणी विचारत नाही. त्याला फोन येतो आणि तो बॅग भरतो.

आम्हाला त्या वर्षी आशा होती. पण आमच्या कॅचरचा अंगठा मोडला होता. कॅचर म्हणजे ढोबळमानाने विकेटकीपर. फरक एवढाच, की पुढचा चेंडू कोणता टाकायचा हेही बऱ्याचदा तोच खुणेने सांगतो. तो नसेल तर चांगले पिचरही, म्हणजे चेंडू टाकणारेही, चाचपडतात. समोरच्या क्लबकडे एक अनुभवी कॅचर होता. त्याचं काँट्रॅक्ट हंगामाबरोबर संपणार होतं, म्हणजे आम्हाला तो जेमतेम दोन महिने मिळणार. टायलर तेवीस वर्षांचा पिचर. तो डबल-एमध्ये खेळत होता, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खाली. वर पोचला, तर त्याच्यावर क्लबचा हक्क साधारण सहा वर्षं. एका पारड्यात खात्रीचे दोन महिने, दुसऱ्यात कदाचित सहा वर्षं. हा तराजू धरण्यासाठी प्रत्येक क्लबात काही हुशार माणसं पगारावर असतात.

टायलरचं पारडं जड झालं होतं ते वेगामुळे. वसंतात त्याचा फास्टबॉल ताशी त्र्याण्णव मैलांनी जायचा, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. जूनच्या मध्यापासून तो पंच्याण्णववर गेला. दोन मैल ऐकायला कमी वाटतात. बॅटरला ते कमी नसतात. त्याचा दुसरा चेंडू चेंजअप. आपल्या भाषेत स्लोअर वन. हात त्याच झपाट्याने फिरतो, चेंडू मात्र सावकाश येतो. तो चौऱ्याऐंशीला होता, चौऱ्याऐंशीलाच राहिला. त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं.

"खरा नाही म्हणजे?" ग्रेगने विचारलं.

"जूनमध्ये टायलरच्या घरच्या मैदानावर, डबल-एच्या पार्कात, स्कोअरबोर्डची दुरुस्ती झाली. त्यासाठी एक कॅमेरा काढून परत बसवला. तो किंचित हललाय. तेव्हापासून त्या पार्कात सगळेच जोरात टाकतायत. पाहुण्या संघांचे पिचरसुद्धा. इथे आले की दोन मैल वाढतात, घरी गेले की उतरतात."

"टायलर बाहेरच्या मैदानांवर?"

"त्याचे बहुतेक सामने घरीच पडले. बाहेर दोनच. त्यात वेग त्र्याण्णव होता. आपल्या लोकांनी शेरा मारला, बसच्या प्रवासाने दमला."

ग्रेग हसला. "बिचारी बस."

त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं. सकाळपासून तो टायलरला धरून बसला होता. एवढा होतकरू खेळाडू द्यायचा तर कॅचरबरोबर आणखी एक पिचर द्या, असा त्याचा हट्ट होता.

"म्हणजे मी त्र्याण्णववाल्या पोरासाठी घासाघीस करतोय," तो म्हणाला. "मग देऊनच टाकू. त्यांचं मन बदलायच्या आत."

"मला एरर रिपोर्ट पाठवावा लागेल."

"पाठव की. उद्या."

डबल-एचे आकडे सगळ्या क्लबांना एकत्रच दिसतात. एरर रिपोर्टही सगळ्यांना दिसतो. चूक पक्की झाली की कळवायची, हे माझ्या कामातच होतं. कधी कळवायची, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

"त्यांच्याकडेही तेच आकडे आहेत," ग्रेग म्हणाला. "त्यांच्याकडेही तुझ्यासारखी माणसं आहेत. तुझा तो मित्र तिकडेच आहे ना?"

"पंधरा जुलैपासून मित्र नाही. ऑगस्टमध्ये परत होईल."

हे मी गमतीने म्हटलं, पण ते खरंच होतं. निखिल नागपूरचा, मी सांगलीची. अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत, एकाच प्रोफेसरच्या हाताखाली आम्ही शिकलो. तो समोरच्या क्लबात ॲनालिस्ट झाला. दोन क्लब, दोन नोकऱ्या आणि गोपनीयतेच्या दोन सह्या. म्हणून आम्ही आपसांत एक पथ्य ठरवलं होतं. पंधरा जुलैपासून डेडलाइन संपेपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, वाढदिवस असला तरी शुभेच्छा ऑगस्टमध्ये. दोन्ही घरांनी ते मान्य केलं होतं. त्याच्या बायकोचा, मुग्धाचा, अपवाद होता, कारण तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

मी डेस्कवर परतले आणि तिचाच फोन आला.

"अगं, केबिनचं काय करायचं? नॉर्थ शोअरची. ते लोक आज कन्फर्म करा म्हणतायत."

"कर ना बुक. मुलं कधीपासून मागे लागलीयेत."

"निखिल नको म्हणतो. म्हणतो, आजचा दिवस जाऊ दे. यंदा त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणाला तरी घेतायत म्हणे. बाकी सगळे नको म्हणत होते. चुकलं तर काँट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. आणि आमचं अजून एच-वन व्हिसावरच आहे, तुला माहितीये. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा..."

"मुग्धा, पुढे बोलू नकोस."

"का गं?"

"ऑगस्टमध्ये सांगते. केबिन बुक कर. कॅन्सल करता येतं."

"तुझा आवाज असा का येतोय? यार, तुम्हा दोघांचं हे जुलैचं सोवळं मला काही कळत नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी स्क्रीनकडे बघत बसले. त्यांचा क्लब आमच्याकडून एकच माणूस मागत होता, टायलर. निखिलने शब्द टाकला होता तो टायलरसाठी. माझ्या स्क्रीनवर त्याच टायलरचे दोन मैल हललेल्या कॅमेऱ्याचे होते. रिपोर्ट उद्या गेला, तर उद्या निखिलच्या बॉसच्या हातात तो पडणार. आणि त्यावर तारीख असणार डेडलाइननंतरची.

फोन उचलून त्याला सांगता आलं असतं. ते मी करणार नव्हते. माझा पगार आमचा क्लब देतो. पण रिपोर्ट आज पाठवणं हा निखिलला केलेला फोन नव्हता. मुग्धाचा फोन आला नसता, तरी तो आजच पाठवायला हवा होता. हे मी स्वतःला दोनदा विचारून घेतलं, आणि मग ग्रेगच्या खोलीत गेले.

"रिपोर्ट आत्ता पाठवतेय. आधी तुला सांगायला आले."

"कोणी मागितलाय?"

"नाही."

"मग घाई काय?"

"तपासणी मी सकाळी केली. सिस्टीममध्ये तिची वेळ पडलीय. रिपोर्ट उद्याचा निघाला, तर मध्ये आपण काय करत होतो, हे कोणीही विचारेल. आणि पुढच्या वर्षी आपण त्यांच्याकडून कोणाला तरी घेऊ, तेव्हा त्यांचे कॅमेरे सरळ आहेत यावर मी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?"

ग्रेग खुर्चीत मागे रेलला. तो वाईट माणूस नव्हे. त्याला कॅचर हवा होता आणि संध्याकाळ जवळ येत होती.

"पाठव," तो म्हणाला. "पण सौदा फिसकटला तर कॅचर म्हणून तुलाच उभी करीन. गुडघ्यांची तयारी ठेव."

मी रिपोर्ट पाठवला. चार ओळींचा. कोणता पार्क, कोणत्या दिवसापासून, किती फरक, कारण काय. टायलरचं नाव त्यात नव्हतं. त्याची गरज नव्हती.

मग ग्रेगच्या खोलीत आम्ही सगळे वाट बघत बसलो. ग्रेगचा अंदाज होता, ते मागणी मागे घेतील, किंवा टायलरबरोबर आणखी एखादा खेळाडू मागतील. तो दुसऱ्या कॅचरसाठी तिसऱ्या क्लबला फोन लावत बसला. कोणी उचललं नाही. डेडलाइनच्या दुपारी कोणी कोणाचा फोन पटकन उचलत नाही. शेवटी त्यांचाच फोन आला. ग्रेगने स्पीकर लावला नाही. तो ऐकत होता आणि भुवया वर जात होत्या.

"रिपोर्ट बघितला ना तुम्ही?" त्याने विचारलं. थोडं थांबून, "बरं. ठीक आहे."

फोन ठेवून तो आमच्याकडे वळला.

"बघितलाय. तरीही टायलर हवाय. तीच ऑफर."

"काही कमी-जास्त?" मी विचारलं.

"काहीच नाही."

ग्रेग म्हणाला, "डन," आणि पुढची दहा मिनिटं सगळे कागदपत्रांमागे धावत होते. सकाळी जो दुसरा पिचर तो हट्टाने मागत होता, त्याचा विषय निघालाच नाही. आम्हाला वाटलं, दोष सांगूनही माल खपला. मलाही हलकं वाटलं, पण माझं कारण वेगळं होतं. निखिलला आता निदान डोळे उघडे ठेवून घेतलं असं म्हणता येणार होतं.

डेडलाइन संपली आणि निखिलचा मेसेज आला. "हॅपी बर्थडे. बारा दिवस उशिरा."

ऑगस्टमध्ये आम्ही लेक सुपीरियरच्या काठी त्या केबिनमध्ये चार दिवस राहिलो. मुग्धाने कांदाभजी तळली. निखिल अंगणात मुलांना टेनिस बॉल टाकत होता.

"रिपोर्ट वाचला," तो म्हणाला. "नीट लिहिला होतास."

"तुझ्यासाठी नव्हता."

"माहितीये. सगळ्यांसाठी होता. आमच्या लोकांना पटलं, की मी उगाच बडबडत नव्हतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला काय वाटलं, पाहुण्या पिचरांचे आकडे तू एकटीच बघतेस? मास्तर एकच होता ना आपला. जून संपायच्या आधीच बघितलं होतं मी."

"मग घेतला कशाला त्याला?"

"भजी गार होतायत," निखिल म्हणाला. माझी मुलगी हात धुवायला तयार नव्हती. "आई, वन मोअर बॉल!" निखिलने तिला एक सावकाश चेंडू टाकला. बॅट कधीच फिरून गेली होती. चेंडू मागून आला.

मी ते बघितलं आणि भजी घ्यायला आत गेले.

कॅचरने आमच्यासाठी चोख काम केलं. आम्ही प्लेऑफला पोचलो, पहिल्याच फेरीत हरलो. हंगाम संपल्यावर तो दुसऱ्या क्लबात गेला. यात कोणाला तक्रार करायला जागा नव्हती. दोन महिनेच घेतले होते.

पुढच्या वर्षी टायलर मुख्य संघात आला. मे महिन्यात तो आमच्याविरुद्ध उतरला. फास्टबॉल त्र्याण्णव. एक मैलही जास्त नाही. आमचे तीन बॅटर पाठोपाठ गेले. तिघांचीही बॅट चेंडू यायच्या आधीच फिरली होती, माझ्या मुलीसारखी.

मी जुने आकडे उघडले. कॅमेरा त्या पार्कातल्या प्रत्येक चेंडूला दोन मैल वाढवून दाखवत होता. प्रत्येक चेंडूला. फास्टबॉलमधून मी ते दोन मैल वजा केले होते. चेंजअप चौऱ्याऐंशीचा चौऱ्याऐंशी दिसत होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यातूनही दोन वजा केले, की उरतात ब्याऐंशी. म्हणजे कॅमेरा हलला त्याच सुमारास टायलरने पकड बदलली होती आणि त्याचा सावकाश चेंडू आणखी सावकाश झाला होता. बॅटर फसतो तो दोन चेंडूंच्या वेगातल्या अंतरामुळे, आणि ते नऊ मैलांचं अंतर अकरा झालं होतं. दोन्ही चेंडूंना सारखीच चूक चिकटलेली असल्यामुळे हे अंतर स्क्रीनवर पहिल्या दिवसापासून खरंच होतं. आम्ही त्याचं श्रेय फास्टबॉलच्या वेगाला दिलं, आणि वेग खोटा निघाल्यावर श्रेयच काढून घेतलं. निखिलने ते चेंजअपला दिलं.

मी हे ग्रेगला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं.

"त्या दिवशी त्यांनी किंमत पाडली नाही," तो म्हणाला. "तेव्हाच मी विचारायला हवं होतं."

"काय?"

"की यांना याच्यात काय दिसतंय." मग थोड्या वेळाने, "तो दुसरा पिचर त्यांनी दिला असता."

सौदा वाईट नव्हता, एवढं नोंदवायला हवं. आम्हाला कॅचरची गरज होती आणि तो मिळाला. आम्ही फक्त एका चांगल्या माणसाला स्वस्तात सोडलं, कारण तो खोटा आहे असं आम्हाला वाटलं होतं. दोष सांगूनही घेणारा किंमत पाडत नसेल, तर सही करण्याआधी आपल्याच मालाकडे पुन्हा एकदा बघावं. चूक वजा केली की काम संपत नाही. वजा करून काय उरलं, तेही मोजावं लागतं.

आता आमच्या तपासणीत तशी एक पायरी आहे. निखिलच्या क्लबात ती आधीपासून होती.